भागवून घेणाऱ्यांचे समाधान

कोरोनाच्या दोन वर्षांत सरकारने आरोग्यासाठी जे काही केले त्यावर तुम्ही समाधानी आहात का, हा प्रश्न नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर विचारून पाहा. उत्तर बहुधा एकाच वळणाचे येते. "केलं की सरकारनं. रोगच तसा होता, त्याला कोण काय करणार?" विचारणारा शहरातून आलेला, हातात छापील कागद धरलेला असेल तर हेच उत्तर आणखी मऊ होते. कागदावर 'समाधानी' या रकान्यात खूण पडते, अशा खुणांची बेरीज होऊन टक्केवारी निघते, आणि ती टक्केवारी पुढे कुणाच्या तरी भाषणात धोरणाच्या यशाचा पुरावा म्हणून येते.

पारावरची माणसे खोटे बोलत नाहीत. ती आपल्या अपेक्षेच्या मापाने बोलतात. मराठवाड्याचे हे माप गेल्या पन्नास-साठ वर्षांत फार लहान होऊन बसले आहे. ज्याला दवाखान्यात खाट मिळेल अशी आशाच नव्हती, त्याला जमिनीवर गादी टाकून सलाईन लावले तरी तो हात जोडतो. ती कृतज्ञता खरी आहे. तिला धोरणाचे गुण समजणे मात्र चुकीचे आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत ही चूक माणसांच्या जिवावर बेतते.

अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटे टिपण लिहिले होते. त्यात त्यांनी दाखवले की आयुर्मानात तेव्हा देशात सर्वांत पुढे असलेल्या केरळात 'मी आजारी आहे' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त निघते. बिहारमध्ये, जिथे माणसे तेव्हा लवकर मरत, तिथे ते फार कमी निघते. अमेरिकेत तर केरळहूनही जास्त. याचा अर्थ बिहारी माणूस ठणठणीत आहे असा कोणी लावणार नाही. ज्याने चांगला दवाखाना पाहिला आहे त्याला आपले दुखणे ओळखता येते आणि सांगताही येते. ज्याने पाहिलेलाच नाही त्याला ते नशिबाचा भाग वाटते. आजाराबद्दल जे खरे, तेच समाधानाबद्दलही खरे. म्हणूनच पुण्याचा माणूस एका खाटेसाठी दोन दिवस फिरावे लागले म्हणून संतापून बोलतो आणि किनवटचा माणूस शंभर किलोमीटरहून लांब नांदेडला जाऊन खाट मिळाली म्हणून समाधानी असतो. दोघांच्या उत्तरांची सरासरी काढून काय हाती लागणार?

जे झाले त्याचे श्रेय आधी द्यायला हवे. एप्रिल २०२०मध्ये निलंग्यात थांबलेल्या बारा प्रवाशांपैकी आठ जण बाधित निघाले, तेव्हा लातूर जिल्ह्यापुढे काय वाढून ठेवले आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. पुढे उदगीर पेटले. सुरुवातीला आपल्याकडचे स्वॅब पुण्याला जात, मग औरंगाबादला, आणि अहवाल येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे. काही महिन्यांत लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात आणि नांदेडला तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातसुद्धा तपासणीची सोय झाली. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या लोकांचे स्वॅब तपासले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मे २०२०मध्ये रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सर्वांना खुली झाली. खाजगी रुग्णालयातल्या ८० टक्के खाटांचे दर सरकारने बांधून दिले. शिवभोजन थाळी आधी पाच रुपयांना आणि दुसऱ्या लाटेत फुकट मिळाली. हे सारे धोरणच होते आणि चांगले धोरण होते.

आणखी एक गोष्ट आमच्या भागाने कधी नीट हिशेबात धरलेली नाही. त्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालना जिल्ह्यातले होते. वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचे होते आणि लातूरचे पालकमंत्रीही तेच होते. सार्वजनिक बांधकाममंत्री अशोक चव्हाण नांदेडचे आणि नांदेडचे पालकमंत्री. दवाखाना चालवणारे खाते, डॉक्टर घडवणारे खाते आणि दवाखान्याची इमारत बांधणारे खाते, तिन्ही मराठवाड्याच्या हातात. असा योग पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. राजेश टोपे तर रोज टीव्हीवर येऊन, आवाज न चढवता, आकडे सांगत होते, आणि खेड्यातल्या माणसाला त्या आवाजाचा मोठा धीर वाटे. लोकांच्या समाधानात त्या धीराचा वाटा फार मोठा आहे. माणूस आपला वाटला की त्याच्या खात्याचा कारभार आपण तपासत नाही, आणि आमच्याकडे तेच झाले.

मे २०२०मध्ये अशोक चव्हाण स्वतः बाधित झाले. त्यांना नांदेडहून रुग्णवाहिकेने, रस्त्याने, मुंबईला नेण्यात आले. नांदेडात १९८८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला त्यांच्याच वडिलांचे, डॉ. शंकरराव चव्हाणांचे, नाव आहे. एका आजारी माणसाने आपल्या जिवासाठी जिथे जास्त खात्री वाटली तिथे जावे, यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांच्या जागी कोणीही हेच केले असते. पण ज्याला निवड करता येते तो काय निवडतो, हे कोणत्याही पाहणीपेक्षा जास्त सांगून जाते. पालकमंत्र्यांनी निवड केली आणि ती नांदेड नव्हती. एप्रिल २०२१मध्ये देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर गेले, तेही मुंबईत उपचार चालू असताना. देगलूर-बिलोलीच्या लोकांनी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीत त्यांच्या मुलाला निवडून दिले. तो सहानुभूतीचा कौल होता आणि माणूस म्हणून आम्हाला तो समजतो. आपल्या आमदाराला पाचशेहून जास्त किलोमीटर दूर उपचार का घ्यावे लागले, हा प्रश्न मात्र त्या निवडणुकीच्या प्रचारात मुद्दा म्हणून आला नाही.

ज्यांच्याकडे मंत्र्याची रुग्णवाहिका नव्हती, पण शेत विकण्याइतकी ताकद होती, ते आपापल्या दिशेने गेले. उदगीर-निलंग्याची माणसे बिदर आणि सोलापूरला, देगलूर-बिलोलीची निझामाबाद-हैदराबादला, किनवट-माहूरची आदिलाबाद आणि यवतमाळला. ही वहिवाट जुनी आहे, निझामाच्या काळापासूनची. महाराष्ट्राचे आरोग्य धोरण कागदावर राज्याच्या सीमेपर्यंत असते, आमचा रुग्ण ती सीमा ओलांडून उपचार शोधतो. मे २०२१मध्ये तेलंगणाने बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या रुग्णवाहिका सीमेवर अडवायला सुरुवात केली. रुग्णालयात आधी खाट पक्की झाल्याचा पुरावा असल्याशिवाय आत सोडायचे नाही असा हुकूम निघाला. तेलंगण उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. ज्या दिवसांत ही नाकाबंदी होती त्या दिवसांत देगलूरच्या एखाद्या कुटुंबाचे आरोग्य धोरण कोणते होते, मुंबईचे की हैदराबादचे? आणि त्यांच्या समाधानाची खूण कोणाच्या रकान्यात टाकायची?

पहिल्या लाटेतले नांदेडचे सर्वांत मोठे प्रकरण गुरुद्वाऱ्याचे. टाळेबंदी लागली तेव्हा तख्त सचखंड श्री हजूर साहिबला दर्शनाला आलेले पंजाबचे चार हजारांच्या आसपास यात्रेकरू अडकून पडले. महिनाभर लंगरने त्यांना जेवू घातले. एप्रिलच्या शेवटी पंजाब सरकारच्या बसेस आल्या, यात्रेकरू घरी पोचले आणि त्यांच्यापैकी हजाराच्या वर लोक बाधित निघाले. मग दोन राज्यांत जुंपली. पंजाबचे मंत्री म्हणाले महाराष्ट्राने तपासणी न करता पाठवले, इकडून उत्तर गेले की लागण वाटेत झाली असेल. खरी गोष्ट अशी होती की त्या महिन्यात एवढ्या माणसांची आरटीपीसीआर करण्याची ताकदच नांदेडात नव्हती. ताप मोजला, लक्षणे विचारली, सोडले. ज्यांना लक्षणे नव्हती ते सारे निरोगी ठरले. पंजाबात गेल्यावर ते बाधित निघाले म्हणून ही गोष्ट देशाला कळली. नांदेडच्याच गल्ल्यांतून त्या काळात जे तपासलेच गेले नाहीत त्यांच्याबद्दल कोणी भांडले नाही.

दुसरी लाट आली तेव्हा परिस्थिती पालटली. ३० मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी देशातल्या सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या दहा जिल्ह्यांची नावे सांगितली. पुणे, मुंबई, नागपूर, ठाणे, नाशिक, औरंगाबाद, बंगळुरू, दिल्ली, अहमदनगर, आणि त्यांच्या पंक्तीला नांदेड. महानगरांच्या आणि औद्योगिक शहरांच्या या यादीत शेतीवर जगणाऱ्या आमच्या जिल्ह्याचे नाव वाचताना पोटात गोळा आला होता. जिल्ह्यात २५ मार्चपासून टाळेबंदी होती. २९ तारखेला होला मोहल्ल्याच्या दिवशी मिरवणुकीला परवानगी नाकारल्यावरून गुरुद्वाऱ्याच्या दारात पोलिसांवर हल्ला झाला, पोलीस जखमी झाले. त्या दिवसाकडे धर्माचा प्रश्न म्हणून पाहणारे पुष्कळ होते. आम्हाला त्यात वर्षभर साचलेला अविश्वास जास्त दिसतो. सरकार बंदी घालते तेव्हा ती आपल्या भल्यासाठी आहे, हे पटण्याइतका संवाद सरकारने वर्षभरात साधलेला नव्हता.

एप्रिलच्या शेवटी लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले गेले. त्याची चित्रे देशभर गेली. रुग्णालयाकडे रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या हे त्याचे कारण होते. त्या २२ जणांच्या घरी जाऊन कोणी समाधानाची पाहणी केली असेल असे आम्हाला वाटत नाही. पाहणीचा मूळ दोषच हा की ती वाचलेल्यांना विचारते. जो घरी परतला तो साहजिकच डॉक्टरांचे, सरकारचे, देवाचे आभार मानतो.

आता दरांचे पाहू, कारण हे धोरण कागदावर फार चांगले होते. मे २०२०च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांना साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागासाठी साडेसात हजार आणि व्हेंटिलेटरसह ९ हजार रुपये असा कमाल दर घालून दिला. हा दर मुंबईला आणि मुखेडला एकच होता. ज्या शहरात डॉक्टरांचा खर्च निम्मा, रुग्णाची मिळकत पावपट, तिथेही मुंबईचाच दर, आणि तोही कायदेशीर. शहरांचे अ, ब, क असे वर्ग पाडून नवे दर आले ते १ जून २०२१पासून. नांदेड ब वर्गात गेले, लातूर क वर्गात, म्हणून लातूरला वॉर्डचा दर ४ हजारांवरून २ हजार ४०० झाला. दुसरी लाट तोवर ओसरू लागली होती. वर्षभर ज्यांनी मुंबईच्या दराने बिले भरली त्यांच्यासाठी त्या सुधारणेत काही नव्हते. आम्हाला या एका गोष्टीचा राग सर्वांत जास्त आहे. लातूर आणि मुंबई यांच्यात फरक आहे हे मंत्रालयाला पहिल्या दिवशी ठाऊक होते. घरभाडे भत्ता ठरवताना सरकार शहरांचे वर्ग कधी विसरत नाही.

फुले योजनेचेही तसेच. सर्वांना खुली झाली हे खरे, पण कोविडसाठी तिच्यात जी वीस पॅकेजे धरली होती ती मुख्यतः श्वास अडकलेल्या, व्हेंटिलेटरपर्यंत पोचलेल्या रुग्णांची. ज्याला पाच-सहा दिवस ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड लागले, आणि जो सुदैवाने त्याच्या पुढे गेला नाही, अशा मधल्या रुग्णाची संख्या मोठी होती, आणि त्याला योजनेच्या खिडकीवर 'तुमचे यात बसत नाही' हे ऐकावे लागले. शिवाय योजना लागू असलेले रुग्णालय तालुक्यात असायला हवे, तिथे खाट हवी, योजनेचे काम पाहणारा आरोग्यमित्र जागेवर हवा. रेमडेसिविरसाठी लोक औषधांच्या दुकानांपुढे रात्रभर रांगेत उभे राहिले, ते योजनेचे लाभार्थी असूनही. अशा माणसाला 'योजनेची माहिती आहे का' असे विचारले तर तो हो म्हणेल. 'योजनेवर समाधानी आहात का' विचारले तरी बहुधा हो म्हणेल, कारण योजना चांगली आहे हे त्याने ऐकलेले असते आणि आपल्याला ती मिळाली नाही यात आपलेच काही चुकले असेल असे त्याला वाटते.

याच काळात भोकर तालुक्यातल्या भोसी गावाने जे केले ते दिल्लीपर्यंत गेले. सहा हजारांवर वस्तीचे गाव. एका लग्नानंतर लागण पसरली. जिल्हा परिषदेच्या स्थानिक सदस्याने आणि ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन तपासणी शिबिर लावले आणि ११९ जण बाधित निघाले. लक्षणे नसलेल्यांना, सौम्य लक्षणे असलेल्यांना त्यांच्याच शेतात राहायला पाठवायचे ठरले. ज्यांना शेत नव्हते त्या मजुरांची सोय त्या सदस्याने स्वतःच्या शेतातल्या मोठ्या शेडमध्ये केली. आशा आणि अंगणवाडीच्या ताई रोज शेतात जाऊन तपासत, गोळ्या देत. पंधरा-सतरा दिवसांनी माणसे घरी परतली आणि गाव मोकळे झाले. दोन खोल्यांत आठ माणसे राहणाऱ्या घराला 'गृहविलगीकरणात राहा' असे सांगणारे धोरण मुंबईत तयार झाले होते. आपल्या घरात वेगळी खोली नाही पण शिवारात जागा आहे, हे भोसीने ओळखले. शेत नसलेल्याचे काय, हा प्रश्न सरकारी परिपत्रकात आला नव्हता, तो भोसीच्या बैठकीत आला आणि तिथेच सुटला. जून २०२१मध्ये राज्याने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर करून ५० लाखांचे पहिले बक्षीस ठेवले, ते योग्यच केले. पण भोसीच्या लोकांना समाधान विचारले तर ते कशाबद्दल सांगतील? स्वतःबद्दल सांगतील, आणि ते पाहणीत सरकारच्या खात्यावर जमा होईल.

लोक खरोखर किती विश्वास ठेवत होते हे पाहायचे तर लसीकरणाकडे पाहावे. तिथे तोंडी उत्तर नाही, दंड पुढे करावा लागतो. जून २०२१पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस मोफत झाली. तरी ऑक्टोबरअखेर देशातल्या ज्या जिल्ह्यांत निम्म्या पात्र लोकांनी पहिला डोसही घेतलेला नव्हता, त्यांत महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते. औरंगाबाद, नंदुरबार, बुलडाणा, हिंगोली, अकोला आणि नांदेड. सहांपैकी तीन मराठवाड्याचे. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी या जिल्ह्यांची बैठक घेतली. मोहिमा झाल्या, घरोघर फिरणे झाले, पलीकडे औरंगाबाद जिल्ह्यात तर लस न घेणाऱ्याला रेशन आणि पेट्रोल न देण्यापर्यंत गोष्ट गेली. आमच्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणारे तेव्हाही होते. पण ज्या माणसाला एरवी आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटत नाही, कुत्रे चावले तर जिथे लस संपलेली असते, त्याच केंद्राची माणसे एकदम घरी येऊन 'सुई घ्या' म्हणू लागली तर तो बिचकणारच. विश्वास साथीच्या आधी, साध्या तापाच्या आणि बाळंतपणाच्या वेळी कमवावा लागतो.

तो जो काही थोडा कमावलेला होता तो आशा ताईंनी. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०ची मोहीम त्यांच्या पायांवर चालली. घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरणे, कोणाला दम लागतो ते टिपणे, शिव्या खाणे, संशयाने पाहिले जाणे. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना जून २०२१मध्ये, साथ ओसरते न ओसरते तोच, संपावर जावे लागले. आठवडाभराने दीड हजार रुपयांची वाढ मिळाली, त्यातले पाचशे कोविड भत्ता म्हणून. गावातला माणूस 'सरकारनं केलं' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हीच बाई असते. तिला सरकार कर्मचारी मानत नाही. मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका मानते.

मृत्यूंच्या नोंदीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्रात सरकारी नोंदीतले कोविड मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या आसपास होते, आणि मदतीसाठी अर्ज दोन लाखांहून अधिक आलेले होते. न्यायालयाने व्याख्या रुंद केली होती, त्यामुळे दोन्हींतला सारा फरक म्हणजे लपवाछपवी असे म्हणता येणार नाही. पण देशाच्या नागरी नोंदणीत २०२०मध्ये ८१ लाख मृत्यू होते, ते २०२१मध्ये १ कोटी २ लाखांवर गेले. ही आकडेवारी सरकारनेच जाहीर केली, तीही मे २०२५मध्ये, चार वर्षांनी. तोवर धोरण यशस्वी झाल्याची भाषणे होऊन गेली होती.

आणि मग २०२३ साल आले. साथ संपलेली होती, ऑक्सिजनचे प्रकल्प उभे होते, टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या होत्या. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या विष्णुपुरीतल्या, शंकरराव चव्हाणांच्या नावाच्या त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. दुसऱ्या दिवशी आणखी सात. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्याचे चित्रण सर्वत्र फिरले. रिकाम्या जागा भरण्याचा, औषधखरेदीचा अधिकार ज्याच्याकडे नाही त्या माणसावर सारा राग काढला गेला, याचे आम्हाला तेव्हाही वाईट वाटले, आजही वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारचे म्हणणे असे की खाजगी रुग्णालयांनी शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण होते. असतीलही. पण असे रुग्ण नांदेडलाच येणार हे सरकारला कधी माहीत नव्हते? हिंगोली, परभणी, यवतमाळ, तेलंगणाचा सीमाभाग, साऱ्यांकडचे अत्यवस्थ रुग्ण तिथेच येत, आणि महामारीत हे सिद्ध होऊन गेले होते. समाधानाच्या आकड्यांवर ज्यांनी विसंबून राहायचे ठरवले त्यांना तो धडा घेण्याची गरज वाटली नाही.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेसुद्धा गेले. स्वागत करण्यासारखाच निर्णय. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची, म्हणून ती यातून वगळली गेली. लातूरला २००२मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले तेव्हा जिल्हा रुग्णालय त्यात विलीन झाले आणि स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी सुरू झाली. म्हणजे ज्या शहरातले मोठे सरकारी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, त्या शहरातल्या गरिबाला या निर्णयाचा लाभ आपल्या दाराशी मिळत नाही. खात्यांच्या वाटणीचे ओझे रुग्णाने का उचलायचे?

महामारी ऐन भरात येत होती तेव्हाच, ३० एप्रिल २०२० रोजी, मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत संपली. १९८४च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला, १९९४मध्ये मंडळे आली, आणि ज्या काळात मराठवाड्याच्या आरोग्याचा अनुशेष माणसांच्या श्वासात मोजला जात होता त्या काळात तो मांडणारे मंडळच उरले नव्हते. मुदतवाढ मिळाली नाही. मराठवाड्याचे तीन वजनदार मंत्री तेव्हा मंत्रिमंडळात होते. लोक रस्त्यावर आले नाहीत, कारण लोक तेव्हा खाट शोधत होते.

समाधान विचारूच नये असे आमचे म्हणणे नाही. विचारायचे तर असे विचारावे: दुखणे सुरू झाल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत किती तास गेले? किती किलोमीटर जावे लागले? किती पैसे लागले, आणि ते कुठून आणले, दागिने मोडून, बैल विकून की सावकाराकडून? योजनेच्या खिडकीवर गेलात तेव्हा काय सांगितले? घरात कोणी गेले असेल तर दाखल्यावर कारण काय लिहिले? या प्रश्नांची उत्तरे मनाच्या समजुतीवर अवलंबून नसतात, आणि गरीब माणसाला ती चोख पाठ असतात.

हे महाराष्ट्राला नवीनही नाही. २००७मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि मराठवाड्यातला उस्मानाबाद. गावकरी स्वतः आपल्या आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे बसून जाब विचारत. नांदेड आणि लातूर त्या पहिल्या पाचांत नव्हते. आता या दोन जिल्ह्यांत ती नव्याने सुरू करावी, आणि महामारीच्या दोन वर्षांपासूनच विचारायला सुरुवात करावी, माणसांना सारे आठवते आहे तोवर. पहिल्या जनसुनवाया जिल्ह्याच्या गावी नकोत. किनवटला घ्याव्यात, देगलूरला, निलंग्याला घ्याव्यात. तिथे एक खुर्ची सार्वजनिक आरोग्य विभागाची असावी आणि तिला लागून दुसरी वैद्यकीय शिक्षण विभागाची, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' असे सांगून कोणालाही या खात्यातून त्या खात्यात पाठवता येणार नाही.